वर कधी निघायचं ते नंतर, खाली कधी यायचं ते आधी ठरवा

प्रश्न : ताई, मी नाशिकचा, वय ६३. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो, आता निवृत्त. मे महिन्यापासून मी आणि सौ. मुलाकडे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात आलो आहोत. जुलैअखेर परत जाणार. बाहेर रोज १०३-१०४ फॅरनहाइट, म्हणजे आपले चाळीस. सकाळी नऊनंतर दार उघडवत नाही. खिडकीतून एक भलामोठा डोंगर दिसतो. मुलगा म्हणतो, वर माउंट लेमनला थंडगार असतं, पाइनचं जंगल आहे. त्याच्याकडे ६५० सीसीची मोटरसायकल आहे. मी म्हटलं, एक दिवस मला मागे बसवून वर घेऊन चल. तो म्हणतो, "बाबा, कारने जाऊ. या वयात आणि या उन्हात मोटरसायकल नको." मी तरुणपणी येझदीवर सौ.ला मागे बसवून कसारा घाट आणि सप्तशृंगीचा घाट कितीदा केला आहे. बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत आहे. माझा हट्ट चुकीचा आहे का? की मुलगा उगाच घाबरतोय?

उत्तर :

काका, सप्रेम नमस्कार.

जा. मोटरसायकलवरच जा. तो रस्ता कारच्या काचेतून बघण्याचा नाहीच. पण मुलगा उगाच घाबरतोय असं मी म्हणणार नाही. त्याची भीती खरी आहे, फक्त ती चुकीच्या जागी आहे. तुम्ही दोघं वर जाण्यावरून वाद घालताय आणि मला काळजी वाटते ती तुमच्या उतरण्याची.

मी फीनिक्सला राहते, म्हणजे तुमच्यापासून कारने दोन तासांवर, आणि वाळवंटातल्या उन्हाळ्यात मोटरसायकल चालवते. माउंट लेमनला पहिल्यांदा गेले तो जुलै महिना होता. वर पंचाहत्तर फॅरनहाइट होतं, वारा होता, झाडाखाली झोपले, खूप बरं वाटलं. घाम नाही म्हणून तहान नाही, तहान नाही म्हणून पाणी प्यायले नाही. दुपारी दीडला निघाले. पाऊण तासात एकशेसहाच्या भट्टीत येऊन पोचले. पायथ्याच्या टँक व्हर्डे रस्त्यावर लाल दिव्याला थांबले, डावा पाय टेकवला आणि त्या पायात जीवच नव्हता. गाडी हातातून सुटून आडवी झाली. मागच्या पिकअपमधल्या बाईंनी मला सावलीत ओढलं आणि डोक्यावर पाणी ओतलं. हे कुठलं गाव, मी इथे कशाला आले, हे मला दोन मिनिटं आठवत नव्हतं. तेव्हा माझं वय चौतीस होतं, काका. वयाचा संबंधच नव्हता. डोंगराने मला चार तास गारव्यात ठेवलं आणि त्या चार तासांत खालचं ऊन किती आहे हेच मी विसरून गेले.

म्हणून आधी उतरायची वेळ ठरवायची आणि त्यावरून मागे मोजत निघायची वेळ काढायची.

टूसॉन समुद्रसपाटीपासून साधारण २,४०० फुटांवर आहे. वरचं समरहेवन हे छोटं गाव आठ हजारांच्या आसपास. म्हणजे सतराशे मीटरची चढण. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला दहा अंशांच्या जवळपास थंड होते, म्हणून खाली चाळीस असताना वर पंचवीसच्या आसपास असतं. उलट खाली येताना तीच हवा तितकीच तापते आणि तुम्ही तासाभरात त्या सगळ्यातून जाता.

आता मोटरसायकलवरच्या माणसाचं. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ सेल्सिअस असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा लागला की बरं वाटतं. हवा पस्तिशीच्या वर गेली की तोच वारा अंगात उष्णता भरायला लागतो, तापल्या भट्टीसमोर पंखा लावावा तसा. आणि हवा इतकी कोरडी असते की घाम आला हे कळायच्या आत तो उडून जातो. शर्ट कोरडा, कपाळ कोरडं, म्हणून माणसाला वाटतं आपण ठीक आहोत. प्रत्यक्षात अंगातलं पाणी चाललेलं असतं. नाशिकच्या मे महिन्यात घामाने भिजल्यावर तुमचं शरीर तुम्हाला सांगतं की थांब, पाणी पी. इथे ते सांगत नाही.

म्हणून माझी रेघ सरळ आहे : पायथ्याची हवा पस्तीसच्या वर जायच्या आत तुम्ही खाली आलेले असाल. जूनच्या मध्याला टूसॉनमध्ये ती वेळ सकाळी साडेदहाच्या सुमारास येते. तर साडेनऊला समरहेवनहून निघायचं. वर दोन तास हवेत. म्हणजे साडेसातला पोचायचं. वाटेत चार ठिकाणी थांबणार, कारण न थांबता जाणं हा त्या डोंगराचा अपमान आहे. म्हणून पहाटे पाचला घर सोडायचं. सूर्योदय सव्वापाचच्या सुमारास होतो आणि तेव्हा शहरातही हवा सुखाची असते. तुमची एसटीची पहिली शिफ्ट आठवा, हे तुम्हाला जड नाही. मुलाला जड जाईल.

जुलैपर्यंत थांबू नका. इथे वळवासारखा पाऊस असतो, त्याला हे लोकही मान्सूनच म्हणतात. हवामान खात्याच्या हिशोबात १५ जून ते ३० सप्टेंबर असा तो हंगाम आहे, पण सरी खऱ्या अर्थाने जुलैच्या सुरुवातीला येतात. आपल्याकडे मृगाची वाट बघतात तशी टूसॉनची जुनी मेक्सिकन घरं २४ जूनच्या सान हुआनच्या दिवसाची वाट बघतात. पाऊस सुरू झाला की दुपारी बाराच्या आत डोंगरावर ढग जमतात, विजा पडतात आणि वळणांवर खडी वाहून येते. दोन चाकांवर दोन माणसं असताना वळणात खडी नको. म्हणून तुमच्यासाठी जूनचा पहिला पंधरवडा, आणि तोही आठवड्याच्या मधला दिवस. रविवारी सायकलवाल्यांची आणि कारवाल्यांची गर्दी असते. सायकलवाले रोजच असतात, त्यांना भरपूर जागा द्यायला मुलाला सांगा. जूनचा एक धोका वणव्याचा. कोरड्या दिवसांत कधी कधी जंगल किंवा रस्ता बंद ठेवतात, तेव्हा आदल्या रात्री रस्ता चालू आहे ना हे बघूनच झोपायचं.

आता मुलाच्या भीतीकडे. काका, मी त्याच्या जागी असते तर मीही कचरले असते, पण कारण वेगळं असतं. तुम्ही लिहिलंय की येझदीवर तुम्ही चालवत होतात आणि काकू मागे होत्या. म्हणजे मागे बसायची सवय काकूंना आहे, तुम्हाला नाही! आणि ज्याने आयुष्यभर स्वतः चालवली तो मागे बसला की वळणावर आपोआप उलटा झुकतो, ब्रेकसाठी पाय दाबतो, मान काढून पुढे बघतो. गाडीला ते सगळं जाणवतं. मुलाने यापूर्वी कुणाला मागे बसवून घाट केलाय का, ते त्याला विचारा. बहुतेक नसेल. सत्तर किलोचा माणूस मागे बसला की पुढचं चाक हलकं होतं, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, वळणावर गाडी रुंद जाते. हे त्याला आतून माहीत असणार, फक्त "बाबा, मला तुम्हाला सांभाळून चालवता येईल की नाही कळत नाही" हे बापाला सांगणं मुलाला अवघड जातं. म्हणून तो तुमचं वय पुढे करतो.

तर दोन संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, दोघांनी घराजवळच्या रिकाम्या रस्त्यावर फिरायचं. फुटरेस्टवर पाय पक्के, हात त्याच्या कमरेला, खांद्याला नाही. तो ज्या बाजूला वळेल त्या बाजूच्या खांद्यावरून तुम्ही रस्ता बघायचा, एवढंच, बाकी झुकायचं काम गाडी करते. ब्रेक लागला की मांड्यांनी धरून बसायचं, त्याच्या पाठीवर आदळायचं नाही. खांद्यावर दोन थापा म्हणजे "थांब", हे आधी ठरवा आणि ठरवल्यावर त्याने दोन थापांना का असं विचारायचं नाही, थांबायचं. तिसऱ्या दिवशी पहाटे डोंगराच्या पहिल्या बाबाद दोआग या थांब्यापर्यंत जाऊन परत या. बाबाद दोआग हे या डोंगराचं इथल्या मूळ रहिवासी तोहोनो ओओधाम लोकांनी दिलेलं नाव, अर्थ बेडूक-डोंगर. तिथून उतरून घरी आलात आणि तुमचे गुडघे कुरकुरले नाहीत, त्याचे खांदे आखडले नाहीत, तर वरपर्यंत जायला हरकत नाही.

गाडीचं तुम्ही बघा. हे मी मुद्दाम तुमच्यावर सोपवते, कारण तुमच्याइतका जाणता माणूस त्या घरात दुसरा नाही. मागच्या शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग दोघांच्या वजनाला घट्ट केली आहे का. टायरची हवा पहाटे थंड असताना दोघांसाठी सांगितलेल्या आकड्यावर आहे का, कारण तापल्या टायरची हवा मोजण्यात अर्थ नसतो. ब्रेक ऑइल किती जुनं आहे, कारण घाट उतरताना ते तापतं आणि जुन्या ऑइलमध्ये पाणी शिरलेलं असलं की लिव्हर स्पंजासारखा होतो. एसटीच्या गाडीला कसाऱ्यात गिअरवर उतरवतात ना, तसंच त्याला सांगा : दुसऱ्या-तिसऱ्यात ठेव, इंजिनाने धर, ब्रेकला विश्रांती दे. हे सगळं बोलताना तुम्ही दोघं एका बाजूला असाल, समोरासमोर नाही. पेट्रोल खालीच भरून घ्या, वर मिळेल या भरवशावर निघू नका.

कपड्यांबद्दल तुम्हाला कुणीतरी सांगेल की या राज्यात मोठ्या माणसाला हेल्मेटची सक्ती नाही. खरं आहे, कायदा अठरा वर्षांखालच्यांपुरता आहे. तुम्ही पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घालाच. लांब बाह्यांचं जाळीचं जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. उघडं अंग उन्हात भाजतं आणि पडलं तर सोलवटतं. पहाटे वर पंधरा-सोळा सेल्सिअस असेल आणि वाऱ्यात ते बोचतं, तेव्हा आत घालायला एक पातळ विंडचीटर ठेवा.

आणि उतरताना करायची गोष्ट म्हणजे शर्ट भिजवणं. समरहेवनमधून निघायच्या आधी आतला सुती शर्ट नळाखाली धरा, पिळा आणि ओला घाला, वर जाळीचं जॅकेट. वाळ्याचा पडदा किंवा नागपूरचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे. कूलर नागपुरात घर गार करतो आणि मुंबईत नुसती ओल करतो, कारण हवा कोरडी असेल तरच पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. जूनचं टूसॉन नागपूरपेक्षाही कोरडं. ओला शर्ट सुरुवातीला हुडहुडी भरवेल, पण अर्धा घाट उतरल्यावर तुम्ही मला दुवा द्याल. सुकला की थांबून पुन्हा भिजवा. म्हणून दोन लिटर पाणी पिण्याचं आणि एक लिटर शर्टाचं, असं वेगळं बांधा.

पाणी तहान लागल्यावर नाही, थांब्यावर प्यायचं. प्रत्येक थांब्यावर दोघांनी अर्धा पेला, वर असतानाही, गार वाटत असतानाही.

बीपीच्या गोळीबद्दल थोडं गंभीरपणे. त्यात लघवी वाढवणारं औषध असेल तर उन्हात शरीरातलं पाणी लवकर उतरतं. काही गोळ्या नाडीचा वेग बांधून ठेवतात, त्याने शरीराला उष्णता बाहेर टाकायला अडचण होते. नाशिकच्या डॉक्टरांना फोन करा, गोळीचं नाव, इथलं तापमान आणि वरची उंची, तिन्ही सांगा. मीठ-साखर-लिंबाचं पाणी चालेल का तेही विचारा. स्वतःच्या मनाने त्या दिवसाची गोळी चुकवू नका. आणि तुम्ही येताना जो प्रवासी आरोग्य विमा घेतला असेल त्याची कलमं मुलाकडून वाचून घ्या. काही पॉलिसींत मोटरसायकलवरची दुखापत धरत नाहीत. तसं निघालं तर मुलाचा नकार मलाही मान्य करावा लागेल, कारण इथल्या इस्पितळाचं एक बिल घर हलवतं.

उतरताना कुणालाही डोकं जड वाटलं, मळमळलं, पिंडरीत गोळा आला, किंवा साध्या प्रश्नाला उत्तर देताना शब्द अडखळला तर पुढचं वळण बघायचं नाही. सावली, पाणी, जॅकेट-हेल्मेट बाहेर, मानेवर-काखेत ओला कपडा. माणूस गोंधळला असेल, काहीबाही बोलत असेल तर सरळ ९११ या इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन. मला त्या दिवशी हे कुणी सांगितलं नव्हतं.

एवढं सगळं वाचून उत्साह कमी झाला असेल तर आता वरचं सांगते. पायथ्याशी दोन्ही बाजूंना सग्वारो निवडुंग, माणसासारखे हात वर करून उभे. चार हजार फुटांच्या आसपास ते अचानक संपतात, मग ओक लागतात, मग खडकांचे उंच सुळके. विंडी पॉइंट ६,६०० फुटांवर आहे. कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर तुम्ही वाटेतच खाली टाकलेलं असतं. तिथे हेल्मेट काढा, खाली सगळं शहर पसरलेलं दिसतं. तुमच्या मुलाचं घर शोधायचा प्रयत्न करा. त्यापुढे पॉन्डेरोसा पाइन सुरू होतात. ऊन लागलेल्या त्यांच्या सालीला नाक लावून बघा, व्हॅनिलासारखा वास येतो. मध्येच काळी पडलेली खोडं दिसतील, ती २००३ आणि २०२० च्या वणव्यांची. २००३ साली समरहेवनमधली तीनशेहून जास्त घरं-दुकानं जळाली आणि लोकांनी गाव पुन्हा उभं केलं. या शिखराचं नाव सारा प्लमर लेमन या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंवरून पडलं. १८८१ साली त्या लग्नानंतर नवऱ्याबरोबर इथे झाडपाला गोळा करायला आल्या आणि वर चढून गेल्या.

आणि तो रस्ता. तुम्ही आयुष्यभर घाटातल्या गाड्या दुरुस्त केल्यात म्हणून तुम्हाला हे ठाऊक असावं असं मला वाटतं. २७ मैलांचा, म्हणजे त्रेचाळीस किलोमीटरचा हा रस्ता १९३३ पासून १९५० पर्यंत कैद्यांनी बांधला. त्यांच्यात गॉर्डन हिराबायाशी होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना घरांतून हलवलं, तो हुकूम मानायला या विद्यार्थ्याने नकार दिला म्हणून शिक्षा झाली. सरकार तुरुंगापर्यंतचा प्रवासखर्च देईना, तेव्हा हा माणूस वायव्येकडच्या वॉशिंग्टन राज्यातून लिफ्ट मागत मागत टूसॉनला आला आणि स्वतः हजर झाला. त्या छावणीच्या जागेला १९९९ पासून त्यांचं नाव आहे. जाताना उजवीकडे-डावीकडे न बघता पुढे जाऊ नका, पाटी दिसली की थांबा. एक थांबा तिथला धरा.

आता राहिल्या काकू. पत्रात त्यांचं मत कुठेच नाही. त्यांना आणि सूनबाईंना कारने समरहेवनला बोलवा, तुमच्यानंतर तासाभराने निघू देत. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, थर्मासभर चहा त्या आणतील, कारण इतक्या सकाळी तिथली खाण्याची दुकानं उघडलेली नसतात. आणि उतरायच्या वेळी तुम्ही गाडीजवळ उभे राहून स्वतःला विचारा : आठ हजार फुटांवर चार पावलं चालून दम लागला का? रात्री झोप नीट झाली होती का? पाठ ताठ आहे का? एकाचंही उत्तर वाकडं आलं तर हेल्मेट डिकीत टाका आणि कारच्या पुढच्या सीटवर बसून या. मुलगा एकटा मोकळी गाडी घेऊन उतरेल. वर तुम्ही मोटरसायकलवर गेलेले असाल, ते कुणी काढून घेत नाही.

हे मुलाला असंच्या असं वाचून दाखवा. त्याला सांगा, खाली उतरायचा निर्णय बाबांचा आणि वाटेत थांबायचा निर्णयही बाबांचा. गाडी कशी चालवायची हा मात्र पूर्ण त्याचा, त्यात तुम्ही मागून एक शब्द बोलायचा नाही. तुम्हाला हे सर्वांत जड जाईल, मला कल्पना आहे.

पहिल्या संध्याकाळच्या फेरीनंतर काय झालं ते कळवा. आणि येझदीवर मागे बसून सप्तशृंगीचा घाट उतरताना काकू कशाला धरून बसायच्या, ते त्यांना विचारून घ्या. तुमच्या घरात ते फक्त त्यांनाच माहीत आहे.

तुमची,
ताई